परिचर्या हीदेखील एक विद्या

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त, १२ मे रोजी रुग्णालयाच्या सभागृहात झालेले प्रशासकांचे भाषण)



परिचारिका दिनी प्रशासकाने चार शब्द बोलावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. आजवर आम्ही तो आभारप्रदर्शनापुरता पाळला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रतिमेस हार, दीपप्रज्वलन, प्रत्येक भगिनीस गुलाबाचे फूल आणि अखेरीस चहापान, असा तो कार्यक्रम असे. यंदा विश्वस्त मंडळाने आम्हांस अर्धा तास दिला आणि विषय निवडण्याची मुभाही दिली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची पात्रता नाही. तरीही एका आजारासंबंधी, आणि त्या आजारामुळे परिचारिकेच्या कामाकडे पाहण्याची आमची दृष्टी कशी बदलली त्यासंबंधी, आज निवेदन करावयाचे आहे. शेवटी आपल्याकडे एक मागणे आहे. ते आरंभीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणास संकोच वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षिका असलेल्या एक भगिनी आपल्याकडे आल्या. वय तिशीच्या आसपास. प्रथम एका डोळ्याने अंधूक दिसू लागले होते व डोळा हलविताना दुखत होता. दीड-दोन महिन्यांत दृष्टी बरीचशी सुधारली, तेव्हा घरच्यांनी तो विषय सोडून दिला. पुढे दोन वर्षांनी कमरेखाली मुंग्या येऊ लागल्या, पाय जड झाले, फळ्यासमोर तासभर उभे राहणे अशक्य झाले. हाडांचे डॉक्टर झाले, कोणी सांगितले म्हणून देवदर्शन झाले, दृष्ट काढून झाली. अखेर मोठ्या शहरात एम.आर.आय. तपासणी होऊन निदान हाती आले : मल्टिपल स्क्लेरोसिस, संक्षेपाने एम.एस.

आमच्या डॉक्टरांनी त्यांस तपासले, औषधयोजना समजावून दिली. त्यानंतर त्यांचे यजमान बिलात सवलत मागण्यासाठी आमच्या खोलीत आले. आम्ही अर्ज वाचला, सवलतीवर सही केली आणि आपले कर्तव्य पार पडले, असे समजून पुढची फाईल उघडली.

आठ महिन्यांनी त्या पुन्हा दाखल झाल्या. पाय पूर्वीपेक्षा कमजोर झाले होते. आजाराचा नवा झटका आला, असे सर्वांस वाटले. वॉर्डातील एक अनुभवी सिस्टर त्यांच्यापाशी तासभर बसल्या आणि त्या एका तासात जे कळले ते फाईलीत कोठेही नव्हते. त्या घेत असलेले इंटरफेरॉनचे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाचे असते. ते गोठूही द्यावयाचे नसते. घरच्यांनी काळजीपोटी ते फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले होते. गोठलेले औषध निकामी होते, हे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. दुसरे असे, की या आजारात लघवीवरचा ताबा सुटतो आणि शाळेतील स्वच्छतागृह वर्गापासून दूर होते. म्हणून बाई दिवसभर पाणीच पीत नसत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता. एम.एस.च्या रुग्णास असा संसर्ग झाला वा ताप आला, तर जुनी लक्षणे तात्पुरती उफाळून येतात आणि नवा झटका आल्याचा भास होतो. तिसरी गोष्ट सर्वांत साधी. सकाळी कढत पाण्याने स्नान केले की त्यांस तासभर उठवत नसे आणि सासूबाई त्यास आळस म्हणत. उष्णतेने या रुग्णांची शक्ती काही काळ खालावते, हे वैद्यकशास्त्राने १८९० पासून नोंदविलेले आहे.

संसर्गावर उपचार झाले, पाय पूर्ववत झाले. सिस्टरांनी सासूबाईंना बोलावून घेतले आणि आळस व आजाराचा थकवा यांतला फरक त्यांच्याच भाषेत समजावून सांगितला. बाई पुन्हा शाळेत जाऊ लागल्या. या सर्वांत आमची सवलतीची सही किती उपयोगी पडली आणि त्या सिस्टरांचा एक तास किती उपयोगी पडला, याचा हिशोब आम्ही आजही मनाशी मांडतो.

पुढे जे घडले ते सांगणे आम्हांस कठीण जाते, परंतु सांगितलेच पाहिजे. पाळीच्या वेळापत्रकानुसार त्या सिस्टरांची बदली प्रसूती विभागात झाली. त्या आदेशावर सही आमचीच होती. त्यांनी भेटून विनंती केली की, अशा रुग्णांसाठी आठवड्यातून एक दुपार तरी मोकळी मिळावी. त्यांस यावर अधिक शिकावयाचे होते. आम्ही मनुष्यबळाचे कारण सांगून नकार दिला. वर्षाच्या आत त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर त्या शिक्षिका तपासणीस आल्या, तेव्हा त्यांनी सिस्टरांचे नाव घेऊन विचारणा केली. त्या आता येथे नाहीत, असे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने सांगितले. ते आम्ही आतून ऐकले. उठून बाहेर जाण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

आता या आजाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण सभागृहातील अनेकांनी त्याचे नाव प्रथमच ऐकले असेल. आपल्या मेंदूतून व मज्जारज्जूतून जाणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर रबर असते तसेच ते समजावे. एम.एस.मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून या आवरणावरच हल्ला करते. आवरण जेथे खराब होते तेथे संदेश अडखळतो. म्हणून कोणाची दृष्टी, कोणाचे चालणे, कोणाचे बोलणे, कोणाची स्मरणशक्ती बाधित होते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉ. झाँ मार्तें शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे व्यवस्थित वर्णन केले. तो बहुधा वयाच्या विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आहे. तो संसर्गजन्य नाही. तो पूर्णपणे बरा होत नाही, परंतु झटक्यांची संख्या कमी करणारी औषधे १९९३ पासून उपलब्ध होत गेली. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रथमच एम.एस.वरील औषधांचा समावेश केला. मुख्य गोष्ट ही, की रुग्णाचे आयुष्य बहुधा दीर्घ असते. आजार तीस-चाळीस वर्षे सोबत करतो.

हा आजार गोऱ्या लोकांचा, थंड देशांचा, असे पूर्वी मानीत. मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचे दाखवून दिले. मंगळूर येथील एका पाहणीत, जी २०१४ साली प्रसिद्ध झाली, लाखामागे सुमारे ८ रुग्ण आढळले. आम्ही हिशोबनीस, आम्ही लगेच गुणाकार केला. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख. तेच प्रमाण येथे धरले, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेचारशेच्या आसपास रुग्ण असावेत. हा केवळ अंदाज आहे, मोजणी नव्हे. परंतु माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत विखुरलेली साडेचारशे कुटुंबे, आणि त्यांतील बहुतेकांच्या गावात हा शब्द उच्चारणारा दुसरा माणूस नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे, एवढीच विनंती.

सिस्टरांच्या राजीनाम्यानंतर आमच्या परिचर्या अधीक्षिकांनी एके दिवशी काही कागद आमच्या टेबलावर ठेवले. “साहेब, आमचे काम म्हणजे फक्त नाडी आणि ताप पाहणे, असे आपणांस वाटते. हे वाचा,” एवढेच त्या म्हणाल्या. ते शोधनिबंध अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील परिचर्या विद्यालयातील प्राध्यापिका अलेक्सा स्टुइफबर्गन यांचे होते. पुढे त्या त्याच विद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. आम्ही शब्दकोश घेऊन वाचत राहिलो आणि न समजलेले अधीक्षिकांना विचारत राहिलो.

या विदुषी व्यवसायाने परिचारिका. त्यांनी आयुष्यभर मुख्यतः एकच प्रश्न धरून ठेवला : आजार बरा होणार नसेल, तर माणसाने त्यासह चांगले जगावे कसे? डॉक्टर आजार किती वाढला ते मोजतात. यांनी त्याबरोबरीने माणसाचे जगणे मोजावयास घेतले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात एम.एस.च्या ७८६ रुग्णांनी भाग घेतला होता. त्यातून असे दिसून आले, की आजाराची तीव्रता आणि जगण्याचे समाधान यांचा संबंध सरळ एकास एक असा नाही. मध्ये आणखी काही गोष्टी येतात : रुग्णास कोणाचा आधार आहे, मार्गात अडथळे किती आहेत, आपण आपली काळजी घेऊ शकू हा विश्वास त्यास आहे काय, आणि आजार त्याने मनाने स्वीकारला आहे काय. आमच्या शिक्षिकाबाईंची हकीकत आठवावी. स्वच्छतागृहाचे अंतर हा अडथळा. सासूबाईंची समजूत हा आधार. यांवर औषधाची चिठ्ठी चालत नाही, परंतु परिचारिकेचे काम चालते.

२००३ साली त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एम.एस. असलेल्या ११३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटास आठ आठवडे वर्ग घेऊन आहार, व्यायाम, ताणतणाव, थकवा अशा विषयांवर शिकविले आणि नंतर तीन महिने दूरध्वनीवरून पाठपुरावा केला. सर्वांची पाहणी एकूण आठ महिने चालली. शिकविलेल्या गटात स्वतःची काळजी घेण्याचा आत्मविश्वास वाढला, चांगल्या सवयी वाढल्या, मानसिक स्वास्थ्य व वेदना यांच्या मोजमापात सुधारणा दिसली. आजार बरा झाल्याचा दावा त्यात नाही, आणि आम्हीही तो करीत नाही. पण वेदना कमी होणे व मन उभारी धरणे याची किंमत ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्यास विचारावी.

पुढे त्यांनी स्मरणशक्तीकडे लक्ष वळविले. या आजारात अनेकांस शब्द आठवत नाहीत, लक्ष टिकत नाही, आणि रुग्ण हे लाजेने कोणास सांगत नाही. ६१ रुग्णांसह केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. संगणकावरील सराव आणि गटात शिकविलेल्या युक्त्या यांचा मिळून तो आठ आठवड्यांचा कार्यक्रम होता. त्या निष्कर्षांत एक प्रामाणिक कबुली आहे : ज्यांस शिकविले नव्हते त्या गटातही पुष्कळ बाबतींत सुधारणा दिसली. फरक विशेषतः शब्दस्मरणात आणि विसरण्यावर मात करण्याच्या युक्त्या वापरण्यात दिसला. आपल्या प्रयोगाने जेवढे दिले तेवढेच सांगणारा माणूस आम्हा हिशोबनिसांस जवळचा वाटतो.

अशा कामाचा इतर देशांत व्यवसायही उभा राहिला. १९९७ साली एम.एस. परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत जून हाल्पर या अमेरिकन परिचारिकेचा मोठा वाटा होता. या आजाराच्या परिचर्येचे विशेष ज्ञान परीक्षा घेऊन प्रमाणित करण्याची पद्धत तेथे रूढ झाली. आपल्या देशात मुंबई येथे १९८५ साली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तिची शाखा पुण्यातही आहे. रुग्णांस एकमेकांची भेट घडविणे, माहिती देणे, मदत मिळवून देणे हे काम ती करीत आली आहे. परंतु मुंबई-पुण्याहून निघालेली वाट आमच्या दोन जिल्ह्यांतील वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचावयाची, तर येथे कोणीतरी उभे असले पाहिजे.

कोणी म्हणेल, टेक्सासच्या गोष्टी कृष्णाकाठी कशाला? त्यावर आमचे उत्तर असे, की परिचर्येला विद्येचा मान देण्याची कल्पना आपल्या मातीस परकी नाही. रमाबाई रानडे यांचे जन्मगाव देवराष्ट्रे. त्या काळी ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले, आणि आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे. म्हणजे या माउलीवर दोन्ही जिल्ह्यांचा हक्क आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तल्यानंतर रमाबाईंनी स्वतःस स्त्रियांच्या कार्यास वाहून घेतले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तेथील स्त्रियांस ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळावे, अशी व्यवस्था त्यांनी पुढे केली. परक्या माणसाची शुश्रूषा करणे हे कुलीन घरातील स्त्रीस, विशेषतः विधवेस, शोभत नाही, असे मानणारा तो काळ. त्या काळात रमाबाईंनी परिचर्या हा शिकण्याचा आणि सन्मानाने करण्याचा व्यवसाय आहे, हे समाजाच्या गळी उतरविले.

मिरजेची परंपराही सर्वश्रुत आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले. दूरदूरच्या गावांहून लोक रेल्वेने मिरजेस उपचारासाठी येऊ लागले. तेथे परिचारिकांचे शिक्षणही झाले आणि त्यांनी कितीतरी गावांतील दवाखाने सांभाळले. आमच्या जुन्या पिढीतील अनेकांच्या घरी ‘मिरजेची नर्स’ हे शब्द विश्वासाचे म्हणून उच्चारले जात.

मग उणीव कोठे आहे? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे ती मुलींच्या बुद्धीत नाही आणि कष्टांतही नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ साली झाली. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतून आपल्या भागातील मुली परिचर्येची पदवी घेतात, पदव्युत्तर शिक्षण घेतात. त्यासाठी प्रबंध लिहितात. काही रुग्ण घेऊन, त्यांस एखादा विषय शिकवून, आधी किती कळत होते व नंतर किती कळले याची तुलना करतात. काम चांगले होते. पदवी मिळते, प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि ती मुलगी दुसऱ्याच विभागात रुजू होते. प्रश्न तेथेच संपतो. ऑस्टिनच्या त्या विदुषींचे वेगळेपण आम्हांस येथे दिसले. त्यांनी प्रश्न सोडला नाही, आणि त्यांच्या संस्थेने त्यांस तो सोडावयास लावला नाही. आम्ही मात्र आमच्या सिस्टरांस लावला.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे जमाखर्चाकडे येतो. आपल्या वार्षिक अहवालाची जुनी पाने चाळली असता दिसते, की देणगी बहुधा यंत्रासाठी, इमारतीसाठी वा रुग्णवाहिकेसाठी येते. त्या उदारतेविषयी आम्ही कृतज्ञ आहोत. त्या यंत्रांवर रोज प्राण वाचतात. परंतु हिशोबाच्या भाषेत एक गोष्ट सांगतो. यंत्र घेतल्यापासून दरवर्षी त्यावर घसारा धरावा लागतो आणि काही वर्षांनी पुस्तकी किंमत जवळजवळ शून्यावर येते. परिचारिकेच्या अनुभवाचे उलट आहे. एकाच प्रकारच्या रुग्णांसह तिने पाच वर्षे काढली, तर सहाव्या वर्षी तिचे मोल वाढलेले असते. तरीही आम्ही तिचा पगार आस्थापना खर्चाच्या एका ओळीत, वीजबिलाच्या शेजारी दाखवीत आलो. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. पगारावर पाटी लावता येत नाही. म्हणून तो खर्च कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि काटकसर करावयाची वेळ आली की पहिली कात्री तेथेच लागते. हा दोष देणगीदारांचा नाही. आम्ही कधी मागितलेच नाही.

आज मागतो. विश्वस्त मंडळाने एका स्वतंत्र कायम निधीस तत्त्वतः संमती दिली आहे. या निधीचे मुद्दल शाबूत राहील आणि त्याच्या व्याजातून एका परिचारिकेचे पद चालेल. एम.एस., कंपवात, पक्षाघात अशा दीर्घ मज्जाविकारांच्या रुग्णांचे काम त्यांच्याकडे राहील. त्यांची बदली पाळीच्या वेळापत्रकानुसार होणार नाही, असे लेखी ठरविले आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी पगारी रजा मिळेल. प्रबंधाचा विषय येथील रुग्णांशी निगडित असेल आणि शिक्षण संपल्यावर त्या त्याच कामावर परत येतील.

काम काय असेल, तेही सांगतो. प्रत्येक नव्या रुग्णापाशी व घरच्यांपाशी एक तास बसणे. इंजेक्शन कसे ठेवावे, कोठे टोचावे, वीज गेल्यास व एस.टी.ने प्रवास करताना थंड कसे राखावे, हे हाताने करून दाखविणे. लघवी तुंबत असेल, तर स्वच्छ नळीने ती स्वतः कशी काढावी, हे संकोच न ठेवता शिकविणे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास दर दोन तासांनी कुशीवर वळविणे व शय्याव्रण होऊ न देणे, हे घरच्यांस शिकविणे. एप्रिल-मेच्या उन्हात शेतावर वा गुऱ्हाळावर काम असलेल्यांस पहाटेची वेळ, ओले फडके व कोमट पाण्याचे स्नान यांचे महत्त्व पटविणे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ठरलेल्या दिवशी दूरध्वनी करणे. जतहून वा दहिवडीहून आठ आठवडे वर्गास येणे कोणास परवडणार? परंतु टेक्सासच्या त्या प्रयोगातील दूरध्वनीचा भाग आपल्याकडे सहज रुजेल, कारण आता घरोघरी मोबाईल आहे. प्रत्येक संभाषणाची वहीत नोंद होईल. पाच वर्षांनी ती वही उघडून काय उपयोगी पडले व काय नाही, हे आपल्या अहवालात जसेच्या तसे छापले जाईल. अपयशही छापू.

रुग्णांच्या कुटुंबीयांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी, की एम.एस.चा उल्लेख दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्पष्टपणे आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यात कमीपणा मानू नये. कागदपत्रांसाठी आमचे कार्यालय साहाय्य करील. दुसरी अशी, की आपल्या घरातील सून, मुलगी वा मुलगा दमलो म्हणत असेल, तर तो थकवा खरा आहे. या आजारात तो नेहमी आढळतो आणि डोळ्यांना दिसत नाही. तपासणीत मोजता येत नाही म्हणून त्यास खोटे ठरवू नका. घरातील एका समजूतदार वाक्याने रुग्णास जी उभारी येते ती आमच्या औषधालयात विकत मिळत नाही.

भाषण संपविण्यापूर्वी एक गोष्ट नमूद करतो. त्या शिक्षिकाबाई आज सभागृहात आहेत. काठी घेऊन त्या स्वतः पायऱ्या चढून आल्या. त्यांची अनुमती घेऊनच आम्ही ही हकीकत सांगितली. आमच्या राजीनामा दिलेल्या सिस्टरांस आम्ही मागील महिन्यात पत्र लिहिले. त्यात बदलीच्या आदेशाबद्दल दिलगिरी व्यक्त केली आहे आणि नव्या पदाची माहिती कळविली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आले नाही, तरी तक्रार करण्याचा हक्क आम्हांस नाही. पद मात्र कोणीतरी भरील आणि त्या व्यक्तीस एका दुपारची भीक मागावी लागणार नाही, एवढी हमी आम्ही आज आपणां सर्वांसमक्ष देतो.

निधीचे पत्रक बाहेर मेजावर ठेवले आहे. रक्कम लहान असली तरी संकोच करू नये. ज्यांस देणे शक्य नसेल त्यांनी आपल्या गावात असा कोणी रुग्ण ठाऊक असल्यास त्याच्या घरच्यांस आमचा पत्ता द्यावा. तीही मोठीच देणगी होईल.

परिचारिका भगिनींनो, आज आपणांस गुलाबाचे फूल मिळेलच. त्यासोबत या वर्षापासून आपल्या विद्येचा रकाना आमच्या वहीत वेगळा मांडला जाईल.